गरम गल्ली

भीतीचे कारण कळले की भीती निम्मी होते, असे म्हणतात. संघपाल खिल्लारेला हे कधीच पटले नव्हते. आपल्या भीतीचे कारण तर त्याला ठाऊक होतेच, तिची मापेही ठाऊक होती: लांबी बारा मीटर, रुंदी सव्वा मीटर, तापमान चव्वेचाळीस अंश. इतकी नेमकी माहिती हाताशी असूनही ती रतिमात्र कमी झाली नव्हती.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डेटा सेंटरमध्ये थंडाव्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. तिथल्या मुख्य हॉलमध्ये संगणकांची उंच कपाटे दोन रांगांत, एकमेकांकडे पाठ करून उभी होती. यंत्राचा स्वभाव साधा असतो: ते समोरून गार हवा ओढते आणि मागून तापलेली हवा फेकते. या दोन हवा एकमेकींत मिसळल्या की वीज जळते, थंडावा मात्र मिळत नाही. म्हणून दोन्ही रांगांच्या पाठींमधली जागा काचेच्या भिंतींनी थेट छतापर्यंत बंदिस्त केलेली होती. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला दार. आतली तापलेली हवा वरच्या पोकळीतून वातानुकूलन यंत्रांकडे परत जाई, गार होऊन फरशीखालून वाहत येई आणि कपाटांच्या समोरच्या जाळीदार फरश्यांतून पुन्हा वर निघे. त्या बंदिस्त पट्टीला सगळे कर्मचारी गरम गल्ली म्हणत. आत कोणी काम करत असले तरी तिचे दार लावूनच घ्यायचे, हा तिथला पहिला नियम होता.

रुजू झाल्यानंतर पहिल्याच महिन्यात संघपाल त्या गल्लीत गेला असताना त्याच्यामागे दार लागले आणि कडी अडकली. खरे तर अडकली नव्हती. त्याने दांडा उलट्या दिशेला दाबला होता. चारपाच क्षणांचा प्रकार. परंतु त्या चारपाच क्षणांत त्याच्या छातीने जो निर्णय घेतला, तो पुढे बुद्धीला कधीच फिरवता आला नाही. पुराव्याची गरज बुद्धीला असते, शरीराला नसते.

ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. थंडाव्याच्या अभियंत्याला गरम गल्लीत पाय टाकवत नाही हे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने? गल्लीतल्या फरशीला केबली वर घेण्यासाठी अठ्ठेचाळीस छिद्रे होती आणि प्रत्येक छिद्रावर दाट ब्रशांचे झाकण. झाकण निघाले तर फरशीखालची गार हवा कपाटांच्या समोर पोचण्याआधीच गल्लीत उडून वाया जाते. ही झाकणे दर महिन्याला आत जाऊन, गुडघे टेकून तपासायची असत. मार्च, एप्रिल आणि मे अशा तीन महिन्यांचे तक्ते संघपालने बाहेर खुर्चीवर बसून भरले होते. अठ्ठेचाळीस खुणा, खाली सही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी दीड वाजता कपाटांच्या समोरची हवा एकोणतीस अंशांवर गेली. नेहमी ती चोवीस असे. बत्तीस झाली की पुण्याच्या मुख्य कार्यालयाला आपोआप संदेश जाणार होता, आणि पुण्याहून पहिला प्रश्न येणार होता तो तपासणीच्या तक्त्यांविषयी.

रविवार असल्याने पाळीवर तिघेच होते. संघपाल, फाटकावर रत्नमाला नावाची सुरक्षारक्षक, आणि देखभालीचा जुना माणूस कडुबा गाडेकर. कडुबा अठ्ठावन्न वर्षांचा. रोज फुलंब्रीहून मोटारसायकलवर येई. घरी कांद्याची चाळ होती, आणि जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या चाळीत सापडतात अशी त्याची पक्की समजूत होती.

"पंखे ठीक, पाणी ठीक, जाळ्या परवाच धुतल्या," कडुबा पडद्यावरचा आकडा न्याहाळत म्हणाला. "मग गार वारं जातंय कुठं? कुणी पिशवीत भरून नेतंय का?"

"गल्लीत गळत असेल, मामा."

"गल्ली तर तुमी ह्याच महिन्यात बघितली ना?"

संघपालने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे कडुबाने विचारले नाही.

"आमच्या चाळीत असंच व्हतं बघा," तो म्हणाला. "वरून कांदा ठणठणीत, अन् मधला गाभा सडत चाललेला. हात घालून काय कळत नाय. मी उदबत्ती लावतो. धूर निवांत चालला तर वारं खेळतंय. बसला तर अडलंय. फस्सकन वर उडाला तर खाली भोक हाय."

"इथे धूर चालत नाही."

"धूर बिडीचा. ही मोगऱ्याची उदबत्ती हाय, शहागंजातली." त्याने खिशातला पुडा काढून दाखवला. "दसऱ्याला पुण्याच्या मॅडम येऊन मशिनींला हार घालत्यात, नारळ फोडत्यात. तवा कुणी म्हनत नाय नारळाचं पानी चालत नाय म्हणून."

हा युक्तिवाद अडाणीपणाचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कडुबाच्या लेखी धूर ही पदार्थाची बाब नव्हती, हेतूची होती. जळण्याचा धूर वेगळा, पूजेचा वेगळा. आणि जो धूर शोधायला मदत करतो तो तर औषधच. चूक होती ती संघपालची, कारण त्याला वस्तुस्थिती माहीत होती. गल्लीच्या वर पोकळीत बारीक नळ्या टांगलेल्या होत्या. त्या अहोरात्र हवा ओढून तिच्यात धुराचा कण शोधत. कण सापडला की आधी इशारा, मग भोंगा, मग वातानुकूलन बंद, आणि तीस सेकंदांनी आग विझवणारा वायू संपूर्ण हॉलमध्ये सुटे. धुराची चाचणी करायची तर ही यंत्रणा अगोदर कुलूपबंद करावी लागे. तिची किल्ली अग्निसुरक्षेच्या कंत्राटदाराकडे वाळूजला. त्यासाठी पुण्याची परवानगी लागे, आणि परवानगी देण्याआधी पुणे शेवटचा तक्ता उघडून पाही.

पडद्यावर एकोणतीस पूर्णांक आठ झाले.

"एकच काडी," संघपाल म्हणाला. "दोन मिनिटं. आणि धूर वर जाऊ देऊ नका."

"सांगतो धुराला, वर जाऊ नको म्हणून," कडुबा म्हणाला आणि गल्लीकडे निघाला. दाराशी थांबून त्याने मागे पाहिले. "तुमी येता का? दोघं असलो म्हंजी लवकर व्हईल."

"मी इथून आकडे बघतो."

"बघा. कुणीतरी बघाया पायजेच."

काचेच्या दारामागे कडुबाची पाठ अंधुक होत गेली. पंख्यांच्या घरघरीत त्याच्या पावलांचा आवाज बुडाला. संघपाल हॉलच्या मुख्य दाराशी, पडद्यासमोर उभा राहिला. एक मिनिट गेले. दीड. काही झाले नाही, आणि काही होत नाही याचाच त्याला घाम फुटला. कारण आपण ज्याची वाट पाहत आहोत ते कडुबाचे परत येणे नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले.

आधी इशाऱ्याची बारीक घंटा वाजली. तिच्यामागोमाग, जवळजवळ तिला ढकलत, भोंगा सुरू झाला. पडद्यावरची अक्षरे लाल झाली: तीस, एकोणतीस, अठ्ठावीस.

दाराशेजारी भिंतीवर एक पिवळे बटण होते. ते दाबून धरले की मोजणी थांबते. सोडले की पुन्हा तीसपासून सुरू होते. संघपालने ते तळहाताने दाबले. आकडा एकवीसवर थांबला. भोंगा थांबला नाही. आणि त्याच वेळी वातानुकूलनाचे मोठे पंखे एकेक करून बंद पडत गेले. आगीला हवा मिळू नये म्हणून यंत्रणाच ते बंद करीत असे. संगणक मात्र चालूच होते. गल्लीतली उष्णता वाहून नेणारे आता काहीही उरले नव्हते.

"मामा!" तो ओरडला. "बाहेर या!"

काचेमागे हालचाल दिसेना. तो दार उघडण्याची वाट पाहू लागला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला गुडघ्यांवरून उठायला किती वेळ लागतो, याचा त्याने हिशेब केला, तो वेळ निघून गेला, आणि त्याने हिशेबात आणखी दहा सेकंद घातले. तेही गेले.

वायू विषारी नव्हता. प्रशिक्षणात तसे तीनदा सांगितले होते: शुद्धीवर असलेला मनुष्य शांतपणे चालत बाहेर येतो. शुद्धीवर नसलेल्या मनुष्याविषयी प्रशिक्षणात एकही वाक्य नव्हते.

त्याने डावा हात लांब केला. गल्लीचे दार दहा पावलांवर होते; बटणावरून हात न काढता तिथे पोचणे अशक्य. हात काढला तर तीस सेकंद. तीस सेकंदांत दार, बारा मीटर, एक अंगाने जड असलेला माणूस, आणि परत. त्याने हे गणित दोनदा केले. दोन्ही वेळा उत्तर एकच आले. मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती गणितापेक्षा भयंकर होती. उत्तर तसे आले याने त्याला सुटल्यासारखे वाटले होते. हात बटणावर आहे तोवर त्याला आत जावे लागणार नव्हते.

भिंतीवरचा फोन वाजला. त्याने डाव्या हाताने उचलला.

"खिल्लारे, सोनिया बोलतेय." पुण्याच्या मुख्य कार्यालयातली त्याची वरिष्ठ. "धुराचा भोंगा आलाय इकडे. आग आहे?"

"आग नाही, मॅडम. उदबत्ती आहे."

"आत कोणी आहे?"

"कडुबा गाडेकर. गरम गल्लीत. उत्तर देत नाहीत."

"परवानगी कोणी दिली?"

"मी. मॅडम, कंत्राटदाराला किल्ली घेऊन पाठवा. मी बटण धरलंय. फोन ठेवत नाही, सोडून देतोय."

त्याने फोन सोडला. तो तारेवर लोंबकळत भिंतीला आपटत राहिला. बाहेरून धावत्या पावलांचा आवाज आला. रत्नमाला दारात उभी राहिली. पंचेचाळिशीची, किरकोळ बांध्याची, टोपी हातात. रक्षकांना हॉलमध्ये येण्याची मुभा नव्हती. उंबऱ्यावर ती क्षणभर अडखळली, मग आत आली.

"काय झालं, सर? अँब्युलन्सला फोन केलाय मी. मामा कुठंय?"

"आत. पडले असावेत. हे बटण सोडलं की गॅस सुटेल."

तिने बटणाकडे पाहिले, गल्लीकडे पाहिले. "मंग द्या इकडं. मी धरते. तुमी जावा."

संघपालने हात काढला नाही.

"सर?"

"तुम्ही जाता का आत?" तो म्हणाला. "दार सरळ उघडतं. मी इथे धरून ठेवतो."

"मी गेले असते," रत्नमाला म्हणाली. "भिऊन मागं नाय सरत मी. पण मामाचं वजन बघा, माझं बघा. मला ते ओढतील का मी त्यांना? तुमी गडी माणूस, रोजची जागा तुमची."

"माझी रोजची जागा नाही ती." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "ताई, मला आत जाता येत नाही. मी तीन महिने आत गेलेलो नाही. तपासणीच्या खोट्या सह्या केल्या. दार लागलं की मला श्वास येत नाही."

लोंबकळणारा फोन भिंतीला दोनदा आपटला आणि स्थिर झाला.

रत्नमाला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. तसा वेळही नव्हता. "म्हंजी तुमाला भ्या वाटतंय," ती म्हणाली. "बरं. वाटू द्या. पण त्या म्हाताऱ्याला आत श्वास येतोय का, ते कोण बघनार?"

ती पुढे आली आणि तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "मी दाबलं. आता तुमचा हात खालून काढा. हळू. धस्सकन नाय."

त्याने बोटे एकेक करून सोडवली. बटण किंचित उचलले गेले. आकडा एकवीसवरून तीसवर उडाला, एकोणतीस झाला, आणि तिच्या तळव्याने बटण पुन्हा खाली बसले. आकडा थांबला.

"जावा आता," ती म्हणाली. "माझ्या हाताला घाम येतोय. किती वेळ टिकंल सांगता येत नाय."

ती दहा पावले तो चालला की पळाला, हे त्याला नंतर आठवले नाही. दार उघडताच आतल्या हवेने त्याला छातीवर ढकलले. ती हवा उष्ण होती असे म्हणणे अपुरे आहे. ती घट्ट होती. पापण्या कोरड्या पडून डोळ्यांना चिकटल्या. मोगऱ्याचा वास इतका दाट की श्वास घेणे म्हणजे तो वास गिळणे. दोन्ही बाजूंना कपाटांच्या जाळीदार पाठी, त्यांच्यामागे हजारो बारीक दिवे, आणि एक सलग किंकाळीसारखा आवाज: गुदमरलेल्या यंत्रांनी आपले छोटे पंखे पूर्ण वेगात सोडले होते.

त्याने पाच पावले टाकली आणि शरीर थांबले. पाय जड झाले असे नव्हे. पाय त्याचे राहिले नाहीत. मागचे दार उघडे होते, तरी त्याच्या पाठीने ते लागल्याची खात्री करून घेतली. त्याला वळून पाहायचे होते. वळलो तर परत जाऊ, हेही त्याला कळत होते. तो खाली बसला. धैर्याने नव्हे, उभे राहवत नव्हते म्हणून. आणि गुडघ्यांवर, हात टेकत, तापलेल्या फरशीवरून तो सरकू लागला.

कडुबा जवळजवळ टोकाला, कुशीवर पडला होता. भोंगा ऐकून तो झटकन उठला असणार आणि त्या उष्म्यात घेरी येऊन कोसळला असणार. कपाळावर खोक होती. हातात एक काडी नव्हती. अख्खा पुडा होता. एका काडीचा धूर त्या वाऱ्यात दिसत नाही म्हणून त्याने सगळ्याच पेटवल्या होत्या. उरलेली थोटके अजून धुमसत होती. संघपालने ती फरशीवर चिरडली.

"मामा."

ओठ हलले. श्वास होता, उथळ आणि भरभर.

त्याने मागून काखांत हात घालून ओढले. जड शरीर वीतभर सरकले, थांबले, पुन्हा वीतभर. पाठमोरे ओढत असल्याने दार आता त्याच्यामागे होते आणि समोर बंद भिंत. प्रत्येक ओढीबरोबर त्याच्या तोंडून काहीतरी बाहेर पडत होते; ते शब्द नव्हते. अर्ध्या वाटेवर कडुबाचा पट्टा एका केबलीला अडकला. तो सोडवायला वाकताना संघपालच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि आपण दोघेही इथेच राहणार हा विचार इतक्या शांतपणे आला की तो खरा वाटला.

"सर!" बाहेरून रत्नमालाचा आवाज. "बोलत राहा! गप नका बसू!"

"पट्टा अडकलाय," तो ओरडला. ते सांगण्यासारखे काहीच नव्हते, पण ते सांगताना बोटांना पट्ट्याची कडी सापडली.

बाहेरच्या मार्गिकेच्या थंड फरशीवर त्याने कडुबाला आडवे केले तेव्हा हॉलमध्ये माणूस उरला नव्हता. बटण धरून उभ्या असलेल्या रत्नमालाखेरीज. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिले, मग बटण सोडून उडी मारल्यासारखी बाहेर आली आणि जाड दार ओढून घेतले. तीस सेकंदांनी आत वायू सुटला. भिंत हादरली. दाराच्या काचेमागे सगळे पांढरे झाले.

कडुबाच्या मानेवर आणि पायांवर त्यांनी पाणी ओतले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"लई वेळ लावला, साहेब," तो म्हणाला.

"बोलू नका, मामा."

"तिसऱ्या कपाटामागं. केबलीच्या जुडग्याखाली. दोन झाकणं नायतच." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "गार वारं असं उडत हुतं, की मी घटकाभर तिथंच तोंड धरून बसलो. तुमी मान हलवली हुती, बघितलंय म्हणून."

रुग्णवाहिका आली, कडुबाला नेले. डॉक्टरने उष्माघात म्हटले, जीवाला धोका नाही म्हटले. रत्नमालाच्या तळहातावर बटणाचा गोल ठसा उमटला होता. ती तो अंगठ्याने चोळत फाटकाशी बसली.

सोनियाचा फोन चार वाजता आला. तोवर कंत्राटदाराने वायू बाहेर काढला होता, यंत्रणा कुलूपबंद केली होती, आणि मोठे पंखे पुन्हा सुरू झाले होते.

"मी सगळं ऐकलं दुपारी," ती म्हणाली. "फोन चालू होता."

"हो, मॅडम."

"उद्या दहा वाजता पुण्याला या. तक्ते घेऊन. नोकरीचं काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. पंखे पूर्ण जोरात चालवूनही हवा सत्तावीसच्या खाली येत नाहीये. ती दोन भोकं बुजवायला हवीत. दुसरा माणूस सात वाजता येतोय. तोवर असंच चालवू. तुम्हाला मी आत जायला सांगणार नाही."

"झाकणं भांडारात आहेत," तो म्हणाला. "मी बसवतो."

"खिल्लारे, सक्ती नाही."

"माहीत आहे."

रत्नमाला त्याच्याबरोबर हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आली. "गल्लीचं दार उघडं धरू का?" तिने विचारले. "मी उभी राहते तिथं."

त्याला हो म्हणायचे होते. परंतु दार उघडे राहिले की तापलेली हवा बाहेर सांडणार आणि कपाटांच्या समोरचा आकडा पुन्हा चढणार, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते.

"नको," तो म्हणाला. आत जाऊन त्याने दार स्वतःच ओढून घेतले. कडी बसल्याचा आवाज त्याला पाठीच्या कण्यात ऐकू आला. तिसऱ्या कपाटामागे केबलींचे जुडगे बाजूला केल्यावर खालून गार झोत त्याच्या मनगटावर आदळला. पहिले झाकण बसवायला त्याला सहा प्रयत्न लागले. दुसऱ्याच्या वेळी उजवा हात इतका थरथरू लागला की तो त्याने गुडघ्याखाली दाबून धरला, आणि तो थांबण्याची वाट न पाहता डाव्या हाताने काम सुरू केले.